फक्त गावातल्या घरांसाठी

स्वराली : आत्या, स्क्रीनवर काय लिहून आलंय?

आक्काबाई : नातीनं, छकुलीनं निजायच्या आधी वाचलं. ‘हे अ‍ॅप फक्त लासुर्ण्याच्या घरांसाठी आहे.’ कितींदा दाबलं तरी त्येच! मेंढरांभवती वाघरीचं जाळं लावलंया, पर सारखी बुजत्यात. बिबट्या कुण्या अंगाला हाय, त्ये तरी सांग गं.

स्वराली : तुझ्यापासून कॅनॉलच्या पलीकडं दिसलाय मघाशी. थांब, फोन ठेवू नकोस. (फोनवर हात ठेवून) आण्णा, आत्याचा नंबर घालते मी.

दादासो : न्हाय घालायचा. बाहेरच्यांना बंद म्हंजी बंद. आधी समद्यांना खुलं ठेवलंवतंस, काय झालं? कुठनं कुठनं गाड्या आल्या व्हिडिओ काढाया. उजेड मारून मारून जनावर बिथारलं अन् सिद्धूच्या वस्तीत घुसलं.

स्वराली : म्हणून तर घरपट्टी भरणाऱ्यांचेच नंबर घेतले. पण त्यात गावची एकसुद्धा सासरी गेलेली लेक नाही. उद्या माझं लग्न झालं की मीही बाहेरचीच ना?

दादासो : ग्रामसभेत मीच उभा राहून बोललोय. आता सख्ख्या भणीसाठी मोडू? लोक त्वांडात शेण घालतील.

स्वराली : घालू देत! आत्या नातीला घेऊन उघड्यावर झोपते, आण्णा. मला भीती वाटतेय.

दादासो : तू सांगतीयास न्हवं फोनवर?

स्वराली : आणि माझा डोळा लागला तर?

दादासो : घाल. कुणाच्या घरात घालतीस?

स्वराली : आपल्या. दुसऱ्या कुणाच्या घालू? आत्या, आता बघ उघडून.

आक्काबाई : उघडलं गं बाई! ह्यो लाल ठिपका... आगं, कॅनॉलच्या अलीकडं हाय की ह्यो!

दादासो : दे हिकडं फोन. आक्के, छकुलीला उठीव. उसापासनं लांब हो आधी.

आक्काबाई : दादा? तू हायस व्हय तितं? इतकं दिस झालं शिवंला येऊन, येका शब्दानं इचारलं न्हाईस.

दादासो : अन् तू मेंढरं बसवलीस हिंदुरावाच्या रानात. भावाचं रान काय जळालंवतं?

आक्काबाई : त्यो लेंडीखतासाठी बोलवायला आला. तू आलावतास?

दादासो : फोन ठिवू नगंस. ट्रॅक्टर काढतोय मी.