माझ्या डोक्याला काही झालेलं नाही

...आणि वर मलाच विचारते, ‘आजोबा, आज वार कोणता?’ आता मला सांगा, मार लागला नातीला, आडवी पडली नात, आणि वार सांगायचा मी? मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, काम सोडल्यापासून मला सगळे वार सारखेच, तुम्हाला बरा वाटेल तो लिहा. तर तिनं खरंच काहीतरी लिहिलं. तिथेच घोटाळा झाला. म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, माझ्या डोक्याला काही झालेलं नाही.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भरकटला. आमची नात रग्बी खेळते. रग्बी म्हणजे काय, माहीत नसेल तर सोपं आहे. एक चेंडू असतो, तोही धड गोल नाही, कुणीतरी वर बसून उठल्यासारखा लांबट. तो घेऊन एकीनं पळायचं आणि बाकीच्यांनी तिला धरून जमिनीवर आपटायचं. याला टॅकल म्हणतात. आमच्या वेळी याला भांडण म्हणायचे आणि लोक सोडवायला यायचे, इथे लोक टाळ्या वाजवतात!

आणि आपटायचीसुद्धा शिकवणी असते बरं का. समोरची पळत आली की वाकायचं, तिच्या मांड्यांना मिठी मारायची आणि आपला गाल... आता तुमच्यासमोर कसं बोलू... आपला गाल तिच्या बुडाला चिकटवायचा. थट्टा नाही करत. मी कोचला गाठलं, म्हटलं, अहो, चांगल्या घरच्या पोरी या, गाल कुठे लावायला सांगताय? तो म्हणाला, ‘आजोबा, गाल मागे राहिला तर डोकं वाचतं. डोकं पुढे आडवं गेलं, तर तिचा गुडघा थेट हिच्या कानशिलावर.’ मी म्हटलं, ह्यॅ, डोकं काय काचेचं असतं?

कारण मला माझ्या डोक्याची घमेंड. जन्मभर घरसामान हलवायचं काम केलं मी. या घरातून उचल, त्या घरात ठेव. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कपाट. शाळेत गेलो ते नावापुरता, डोक्याचा खरा उपयोग मी असा केला. एकदा जिन्यात वरच्या गड्याचा हात सुटला आणि लोखंडी कपाटाचा कोपरा बसला इथे... हे बघा, हात लावून बघा, अजून खड्डा आहे... आणि तरी मी ते कपाट तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी ‘एकदा जिन्यात’ म्हटलं की सूनबाई गॅस बंद करायला उठते. गॅस चालू नसला तरी उठते.

सूनबाईचा या खेळाला विरोध. ‘बाबा, मी वाचलंय, मार लागला की मेंदू आतल्या आत हलतो, पोरी महिनोन्महिने अंथरुणात असतात.’ मी म्हटलं, हलू दे की, आहे हे तरी कळेल. मोठा शहाणा मी! वर छातीवर हात ठेवून सांगितलं, मी जात जाईन बरोबर, तिच्या डोक्याची जबाबदारी माझी. सूनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मांजर म्हणतंय, दुधाकडे मी बघतो.

तर सेमीफायनल. समोरच्या संघातली एक पोरगी चेंडू घेऊन निघाली, पोरगी कसली, दोन दारांचं कपाट, आणि आमची नात तिला आडवी गेली. वाकली, मिठी मारली, पण डोकं नको त्या बाजूला राहिलं. ठण्णकन आवाज आला. नात उठली, गुडघे झटकले आणि सरळ जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत उभी राहिली. त्यांच्याच एकीच्या खांद्यावर हात टाकून. आणि मी काय केलं असेल? हसलो. शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून म्हणालो, बघा, कशी टर उडवते त्यांची! मग ती वळली. माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या माणसाकडे पाहिलं, आणि दोघांकडे अगदी सारखंच पाहिलं.

मग मात्र मी पळालो. मैदानाभोवती आडवा पाइप असतो, त्याच्याखालून वाकून गेलो आणि जरा लवकर उभा राहिलो. आवाज झाला, मान्य. पण माझ्या डोक्याला काही झालेलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टरीणबाई नातीला विचारत होती, ‘आज कुणाशी खेळताय?’ नात गप्प. मला बघवेना. समोरच्या संघाचे शर्ट निळे, म्हणून डॉक्टरीणबाईच्या पाठीमागून मी कोपऱ्यातल्या निळ्या बादलीकडे बोट दाखवलं. नात म्हणाली, ‘बादलीशी.’

डॉक्टरीणबाई वळली. माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं आणि म्हणाली, ‘बसा, आता तुम्ही.’ मग तो वार. मग पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत म्हणायला लावले, मला एकही आठवला नाही, बादली सोडून, आणि बादली त्यात नव्हतीच. मग म्हणते, ‘वर्षाचे महिने उलटे म्हणा.’ उलटे? बाई, सुलटे म्हणताना मला ऑगस्टला धाप लागते. मग एका पायावर उभं राहायला लावलं, तर मी कोचच्या अंगावर. गाल कुठे लागला ते विचारू नका.

‘दोघांनाही विश्रांती,’ ती म्हणाली. ‘फोन नाही, टीव्ही नाही. पूर्ण बरं वाटेपर्यंत खेळ नाही. आता पुन्हा असाच मार बसला तर फार महागात पडेल.’ मी म्हटलं, पण माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. ती म्हणाली, ‘तुमची नातही हेच म्हणतेय.’

घरी जाताना टॅक्सीत नातीनं विचारलं, ‘आजोबा, जिंकलो का?’ म्हटलं, हो, जिंकलात. केवढी खूश झाली! सिग्नलला थांबलो, तर परत, ‘आजोबा, जिंकलो का?’ हो बाळा. परत तेवढीच खूश. पुलावर परत. दर वेळी तिला नव्यानं आनंद, आणि मी आपला खिडकीबाहेर बघतोय, कारण तोंड कुठे लपवू? आणि तुम्हाला सांगतो, त्या टॅक्सीत मला माझं कपाट आठवलं. तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं मी ते, खरं आहे, पण शेजारच्या इमारतीच्या. कुणा अनोळखी बाईच्या खोलीत ठेवलं आणि तिच्याच पलंगावर बुटांसकट झोपलो. गोष्टीचा एवढा भाग मी घरात कधी सांगितला नव्हता, गोष्ट लांबते म्हणून.

बरं, मैदानात पाण्याचा पाइप फुटला, सगळं खणून ठेवलं, म्हणून फायनल पुढे गेली. नातीला आशा लागली. ‘आजोबा, मी ठणठणीत आहे. डॉक्टरांसमोर काही बोलायचं नाही हं. फायनल काय रोज येते का?’ मी मान डोलावली. या पोरीला नाही म्हणायला मी शिकलोच नाही, शाळाच कमी झाली. पण बघत होतो ना मी! स्वयंपाकघरात ट्यूब लावली की डोळ्यांवर हात. उठताना भिंतीला हात. पेल्यात पाणी ओतायची ते पेल्याच्या शेजारी, आणि हळूच फडकं फिरवायची, आईच्या नकळत.

खेळायच्या परवानगीची सही घ्यायला दवाखान्यात गेलो आम्ही तिघं, सूनबाई, नात आणि मी. नातीची तयारी काय सांगू, पाच शब्द धडाधड, महिने उलटे, एका पायावर तर बगळ्यासारखी. ‘डोकं दुखतं?’ नाही. ‘उजेडाचा त्रास?’ नाही. डॉक्टरीणबाई सही करणार, तेवढ्यात मी म्हणालो, खोटं बोलतेय ती. ट्यूब, भिंत, पाणी, सगळं सांगितलं.

नात माझ्याकडे बघेना. म्हणाली, ‘डॉक्टर, आजोबांचं मनावर घेऊ नका. त्यांच्या डोक्याला लागलंय. तुम्हीच लिहिलंय तसं.’

आता आली का पंचाईत? माझ्या डोक्याला काही झालेलं नाही, हे मी गावभर सांगत फिरलो, आणि आज ते डोकं पोरीच्या कामाला यायचं, तर ते कागदावर नापास! सूनबाई एकदा हिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, घ्या परीक्षा. आत्ता घ्या.

पाच शब्द दिले. आरसा, मीठ, दोरी, चटई, घड्याळ. मी डोळे मिटले आणि ट्रकमध्ये सामान भरलं. खाली चटई, तिच्यावर आरसा उभा, दोरीनं बांधला, घड्याळ बिछान्यात, मीठ पुढे ड्रायव्हरजवळ, पाण्यापासून लांब. विचारल्यावर उतरवून दिले पाचही. बिछानासुद्धा देत होतो, ती म्हणाली राहू दे. मग महिने. तेही भरले, जानेवारी आत, डिसेंबर दाराशी. उतरवायचं म्हणजे दाराकडूनच ना? डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... घाम फुटला, मार्चला जिन्यात अडकल्यासारखं झालं, पण उतरवले.

राहिला एक पाय. उचलला की झुकलो. परत उचलला, परत झुकलो. मी म्हटलं, बाई, जन्मात मी रिकाम्या डोक्यानं कधी तोल सांभाळला नाही. डोक्यावर काहीतरी द्या.

खोलीत द्यायला काही नव्हतं. होती ती नातीची खेळाची पिशवी, तिच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. बूट, शर्ट, सगळं भरून आणलं होतं पोरीनं, सही झाली की थेट सरावाला जायचं म्हणून. मी मागितली नाही. मागायची हिंमत झाली नाही. नातीनं पिशवीची चेन ओढून लावली. मग उठली, उठताना भिंतीला हात लावला, सूनबाईनं पाहिलं, डॉक्टरीणबाईनं पाहिलं, आणि तिनं ती पिशवी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवली. नीट, मध्यावर. म्हणाली, ‘उभे राहा आता.’

राहिलो. पुतळ्यासारखा! डॉक्टरीणबाईनं पुरे म्हटलं तरी मी पाय खाली ठेवेना, कारण पाय ठेवला की पिशवी उतरवायची आणि नातीच्या तोंडाकडे बघायचं.

फायनल तिनं बाकावरून बघितली, काळा चष्मा लावून, माझ्या शेजारी बसून. घरातून निघाल्यापासून अवाक्षर नाही. पोरी जिंकल्या, नाचल्या, आणि ही माझ्याकडे वळून म्हणते, ‘आजोबा, जिंकलो का?’

मी डॉक्टरीणबाईला हाक मारायला उठलोच.  मग तिच्या चष्म्याखालचा गाल हलला. कार्टी हसत होती! चपलेनं बडवायला पाहिजे असल्या पोरींना. मी डोळे पुसले. धूळ फार असते मैदानावर.

घरी आलो. दारातच सूनबाई, ‘बाबा, इस्त्रीचे कपडे आणायला सांगितले होते, आणलेत?’ मी नेहमीसारखं म्हटलं, विसरलो. या एका शब्दावर मी आख्खं म्हातारपण रेटलंय हो. भाजी, विसरलो. लाइटचं बिल, विसरलो. तर ती हसून म्हणते, ‘असं कसं विसरलात? डॉक्टर माझ्यासमोर म्हणाल्या, तुमचं डोकं अगदी उत्तम आहे.’

तेव्हा निघतो मी. इस्त्रीचे कपडे, अंगाचा साबण, बटाटे, आणि हो, काडेपेटी. काडेपेटी ड्रायव्हरजवळ. बघा, सगळं आठवतंय. करता काय... माझ्या डोक्याला काही झालेलं नाही.