लाल जीमूवरची पांढरी फुलं

(ल्यूयांगच्या डोंगराखालचं गाव. चार दिवसांवर मुलाचं लग्न. अंगणातल्या काळपट जांभळ्या पानांच्या झुडपाशी नवरा-बायको.)

युनशिया : हात लावू नकोस म्हटलं ना. आधी नीट बघ, मग मला वेडी ठरव.

तान : बघतोय. जीमूला फुलं आलीत. दर वर्षी येतात.

युनशिया : लाल येतात. आपल्या लग्नापासून लालच आलीत. ही पांढरी आहेत. दारावर लग्नाची लाल अक्षरं आणि अंगणात मयताची फुलं. नवरीकडच्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोण गेलं, तर काय सांगू?

तान : मूठभर तर आहेत. तीही आत, पानांच्या आड.

युनशिया : आडच असणार. करणी करणारा काय वाजतगाजत येतो?

तान : आता करणी कुणी केली?

युनशिया : तुझ्या वहिनीनं.

तान : काहीतरीच बोलू नकोस. तिला मुंगी मारवत नाही.

युनशिया : तुझ्यासमोर. दादा गेल्यापासून तू रोपवाटिकेत गेलास की ती यायची. वाकायची, बुंध्यात हात घालायची आणि मुठीत काहीतरी लपवून निघून जायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, यांचं झाड बघायला आले."

तान : मला कधी बोलली नाहीस.

युनशिया : काय बोलू? तू म्हणाला असतास, जावेवर डूक धरते. पोराचं लग्न ठरलं तेव्हा मात्र मी तोंडावर सांगितलं. लग्नघर आहे, विधवेनं पाऊल टाकू नये. त्याचा सूड उगवलाय तिनं.

तान : तू वहिनीला असं सांगितलंस?

युनशिया : गेल्या वसंतात. माझ्याकडे असा बघू नकोस, सगळं गाव हे पाळतं. आणि बघ, वर्षाच्या आत पांढरी फुलं.

तान : खाली वाक. ही फांदी कुठून निघालीय?

युनशिया : बुंध्यातून. अगदी मातीजवळून.

तान : पानं कशी आहेत?

युनशिया : हिरवी. बाकी झाडाची काळपट.

तान : आपल्या लग्नात दादानं हे झाड दिलं, ते कलम आहे. डोंगरातून जुना रानटी जीमू उपटून आणला आणि त्याच्या खुंटावर लाल फांद्या बांधल्या. रानातला जीमू पांढराच फुलतो. खुंट जिवंत आहे, मग खालून तो फुटणारच.

युनशिया : मग इतकी वर्षं कसा नाही फुटला?

तान : मीही तेच समजत होतो. दादाच्या हाताचं कलम, एक फुटवा येत नाही, असं रोपवाटिकेत छाती काढून सांगायचो. मूर्ख मी. येत होता, युनशिया. कोवळा असतानाच कुणीतरी खुडत होतं. आधी दादा खुडत असणार, त्याच्यामागे ती.

युनशिया : तर मग मला सांगायचं ना. चोरासारखं कशाला यायचं?

तान : दारात पांढरं फुलू शकणारं झाड तू ठेवलं असतंस?

युनशिया : त्याच दिवशी खणून काढलं असतं.

तान : ते तिला ठाऊक होतं. दादाच्या हातचं एवढंच उरलंय, आणि तेही आपल्या अंगणात.

युनशिया : मला वाईट वाटतंय. आता आणखी बोलू नकोस.

तान : एकच सांग. येऊ नकोस म्हणालीस, तेव्हा ती काय म्हणाली?

युनशिया : बरं म्हणाली. फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, "मग बुंध्याकडे तू बघत जा." मला वाटलं, धमकी देतेय.

तान : कात्री दे. आत्ताच कापून टाकतो, कुणाला कळणार नाही.

युनशिया : राहू दे. जाऊबाईंना घेऊन येते. त्याच काढतील. आल्या तर.