तुटक्या हाताचा बाक

नाही, पण मी म्हणतो, चारचौघांत माणसाने ‘तसं ठीक आहे’ म्हणणं हा काय गुन्हा झाला? तुम्हीच सांगा! आपण रस्त्याने चाललोय, समोरून कोणी विचारतं, ‘काय, कसं काय?’ आपण काय करतो? हा असा पंजा पालथा धरतो, जरा इकडे, जरा तिकडे, होडी डुलल्यासारखा, आणि म्हणतो, ‘तसं ठीकच!’ संपलं! विचारणारा खूश, सांगणारा मोकळा. उभा जन्म मी हेच करत आलो, कधी कोणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. आणि समुद्राच्या पोटात हाच हात हलवला, तर सख्खा जावई दंडाला धरून मला बदाबदा वर घेऊन येतो! एकदा नाही, दोनदा! आणि वर डोकं काढतोय न काढतोय तोच बोटीच्या कठड्यावरून बायको विचारते, ‘एवढ्यात आलात? भोपळा?’

थांबा, असं अर्धवट नको. पहिल्यापासून सांगतो.

मुळात मी आणि समुद्राचा तळ, आमचा संबंध काय? मी तत्त्वज्ञान शिकवायचो. माझा प्रबंध ‘संशय’ या विषयावर. हसू नका, विषयच तो! माणसाला कुठलीही गोष्ट खात्रीने कळू शकते का? पाचशे पानं लिहून मी सिद्ध केलं, की... सांगता येत नाही. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली. ती चुकून मिळाली की काय, असं अजूनही कधी कधी पहाटे वाटतं, पण ते जाऊ दे. आमची ही शाळेत गणित शिकवायची. ती म्हणते, ‘अहो, माझ्या वर्गात उत्तर येत नाही म्हणून कुणी पाचशे पानं लिहिली असती ना, तर मी भोपळा दिला असता! तुम्हाला पदवी दिली!’ आणि हिचा भोपळा म्हणजे साधासुधा नाही बरं का. लाल शाईचा, टपोरा, गरगरीत, अर्धं पान व्यापणारा. पोरं म्हणे त्याला देठ आणि दोन पानं काढायची आणि चित्रकलेचा पेपर म्हणून घरी दाखवायची.

तर आमच्या दोघांचं एक जुनं भांडण आहे. एका बाकाचं.

पूर्वी बंदरातून पलीकडच्या काठाला फेरीबोट जायची. मी त्या बोटीने कॉलेजला जायचो, ही शाळेत. वरच्या डेकवर लोखंडी बाक होते, त्यातल्या एकाचा हात तुटलेला. टेकायला गेलं की माणूस शेजारच्याच्या अंगावर कलंडायचा. म्हणून तिथे कोणी बसायचं नाही. म्हणून मी बसायला गेलो. तर तिथे ही! मी अत्यंत सभ्यपणे विचारलं, ‘इथे कोणी बसलंय का?’ ही म्हणाली, ‘दिसतंय का कोणी?’ आमचं पहिलं संभाषण! आता हा बाक बोटीच्या उजव्या बाजूला होता. मला स्पष्ट आठवतं. म्हणजे... बऱ्यापैकी स्पष्ट. आणि ही म्हणते, ‘डाव्या! आणि ते संभाषण नव्हतं, ते मी तुम्हाला झापलं होतं. संभाषण संध्याकाळी परत येताना झालं, तुम्ही माझी छत्री उचलून दिलीत तेव्हा.’ बरं, ती सकाळ खरी की ती संध्याकाळ खरी, ते एक वेळ सोडून देऊ, पण बाक तर तोच ना? उजवा का डावा? लग्न झालं, लेक झाली, लेकीचं लग्न झालं, भांडण आपलं जिथल्या तिथे. आमच्याकडे पाहुणे आले की आधी चहा, मग बिस्किटं, मग बाक!

पुढे पूल झाला आणि फेरीबोट बसून राहिली. मग बंदरवाल्यांना काय सुचलं, तिचं तेल काढलं, काचा काढल्या, दारं काढली, आणि मुद्दाम समुद्रात नेऊन बुडवली! त्यांचा साहेब म्हणाला, ‘काका, तिच्यावर प्रवाळ वाढेल, माशांना घर मिळेल.’ घ्या! माझ्या लेकीला वणवण करून दोन खोल्या मिळाल्या, आणि माशांना अख्खी दुमजली बोट, समुद्राच्या मधोमध, भाडं नाही, पागडी नाही!

आणि आता यातली गंमत ऐका. आमचे जावईबापू लोकांना तिथेच बुड्या मारायला नेतात. तोच त्यांचा धंदा. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आमचा ग्रह पाण्याखाली असतो, एवढाच फरक. एकदा जेवताना ते सहज बोलून गेले, ‘बाबा, वरच्या डेकवरचे बाक अजून शाबूत आहेत हं.’ झालं! हिचा घास हातातच राहिला.

खरं तर हिलाच जायचं होतं. पण डॉक्टरांनी हिच्या कानात बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली, ‘तुम्ही नाही. कानाचा पडदा नाजूक आहे.’ मग त्यांनी माझे कान तपासले, छाती तपासली, मला जिन्यावरून खालीवर पळवलं, आणि म्हणाले, ‘तुम्ही जाऊ शकता. मलाही आश्चर्यच वाटतंय. पण या वर्षी काय ते उरका, पुढच्या वर्षी मी सही करणार नाही.’

घरी आलो. ही दारात चपला काढताना म्हणाली, ‘जा तुम्ही. पण बाक डोळ्यांनी बघून यायचं आणि मला सरळ सांगायचं. ‘एका अर्थी’ नाही, ‘तसं म्हटलं तर’ नाही. मला या जन्मात तुमच्याकडून एक सरळ उत्तर हवंय.’ थट्टेत नाही हो म्हणाली. चपलेकडे बघत म्हणाली. ही जेव्हा चपलेकडे बघत बोलते ना, तेव्हा थट्टा नसते.

तेव्हा मी गेलो!

आधी तरणतलावात शिकवणी. जावईबापू म्हणाले, ‘बाबा, खाली बोलता येत नाही. सगळं हाताने. अंगठा आणि बोट जोडून गोल केला, म्हणजे सगळं ठीक. पंजा असा हलवला, म्हणजे गडबड आहे, मदत करा. अंगठा वर, म्हणजे वर चला. मी विचारणार, गोल? तुम्ही सांगायचं, गोल. सोपं आहे.’ मी म्हटलं, ‘एक शंका.’ ते म्हणाले, ‘विचारा.’ मी म्हटलं, ‘सगळं ठीक म्हणजे किती सगळं? गुडघा धरून का वगळून?’ ते म्हणाले, ‘बाबा, श्वास चालू आहे ना? मग गोल.’ मी म्हटलं, ‘म्हणजे किमान पातळीवरचं ठीक. पण थोडं ठीक आणि थोडं नाही, याला खूण कोणती?’ बिचाऱ्यांनी स्वतःच पाण्यात एक बुडी मारली. सासरा पडलो ना!

मग तो दिवस. ही बोटीवर, डोक्याला टोपी, हातात छत्री. माझ्या अंगात तो रबरी सूट, तो घालायला दोन माणसं आणि साबणाचं पाणी लागलं. पाठीवर टाकी, कमरेला शिशाचे तुकडे, पायात बेडकाचे पाय. इतकी वर्षं आपण बुडू नये म्हणून जपायचं, आणि आता बुडत नाही म्हणून शिसं बांधायचं! तत्त्वज्ञानात याला... जाऊ दे.

खाली एक दोर गेलेला. दोर धरून उतरायचं. दोन हात खाली गेलो असेन, जावईबापूंनी गोल दाखवला. काय, ठीक? आता चष्म्यात थेंबभर पाणी होतं, कान जरा दडपला होता, बाकी बरं होतं. मी प्रामाणिक माणूस! मी आपला हात... असा... तसं ठीकच! त्यांनी धरलं आणि वर!

‘बाबा, काय झालं?’

‘काही नाही. तसं ठीक होतं.’

‘मग ठीक दाखवा की!’

‘अहो, पण अगदी ठीक नव्हतं ना!’

दुसऱ्यांदा निम्म्यापर्यंत गेलो. निळं, गार, आणि आपलाच श्वास असा, जणू शेजारच्या खोलीत कोणी घोरतंय. जावईबापूंचा गोल आला. मी ठरवलं, या वेळी गोल! हात वर केला... आणि मनात आलं, आपण ठीक आहोत हे आपल्याला कळतं कशावरून? नुसतं तसं वाटत असेल तर? हा विचार संपायच्या आत हात हलून गेला हो! स्वतःचा स्वतः! आणि पुन्हा दंड, पुन्हा वर, आणि वरून ही, ‘भोपळा?’

आता मात्र जावईबापूंचा सूर बदलला. नळी तोंडातून काढली आणि म्हणाले, ‘बाबा, एकच संधी. हात हलला की टाकी उतरवायची आणि घरी. मला आईंना उत्तर द्यायचंय.’ पाण्यात सासरेपण चालत नाही बघा, तिथे अहोजाहोसुद्धा भिजून पातळ होतं. मी वर पाहिलं. ही स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

तिसऱ्या वेळी मी उजवा पंजा डाव्या हाताने घट्ट आवळून धरला. हल म्हणावं आता!

आणि तुम्हाला सांगतो... आधी एक सावली आली. मग सावलीला कठडा आला. मग जिना. आमची फेरीबोट! वाळूत सरळ उभी, जणू धक्क्याला लागलीय आणि आता माणसं उतरणार. कठड्याला जांभळे, पिवळे झुपके. खिडकीखिडकीतून मासे आत-बाहेर, नुसती कचेरी सुटल्यासारखी गर्दी. तिकीट तपासनीस उभा राहायचा ना, बरोब्बर त्या जागी एक जाडा मासा, तसाच खाली लोंबणारा ओठ, तशीच नापसंतीची नजर. माझा हात आपोआप खिशाकडे गेला, तिकीट दाखवायला!

आणि बाक. रांगेने सगळे बाक, आणि शेवटून दुसरा... हात तुटलेला! दुसऱ्या हातावर प्रवाळाची छान गादी झालेली. मी घाईघाईने चालकाच्या केबिनकडे तोंड केलं. बाक उजवीकडे! उजवीकडे! मी जिंकलो! अख्खा संसार जिंकलो!

मग... सवय हो, दुसरं काय... मी एकदा मागे वळून पाहिलं. तर मागच्या टोकालाही चालकाची केबिन! तशीच्या तशी! आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, ती फेरीबोट कधी वळायचीच नाही! जाताना हे तोंड पुढे, येताना ते. जाताना जे उजवं, तेच येताना डावं! मी सकाळ धरून बसलो होतो, ती संध्याकाळ. बाक एकच, आणि आम्ही दोघंही बरोबर! इतकी वर्षं!

जावईबापूंनी गोल दाखवला. आणि तुम्हाला सांगतो, मी पंजा सोडला, तो हलला नाही. तसूभरसुद्धा नाही. मी गोल दाखवला. असा खणखणीत गोल, आयुष्यात पहिल्यांदा, ज्याला शंका नाही, तळटीप नाही. मग त्या बाकावर क्षणभर बसलो. टेकलो, आणि कलंडलो. जावयाच्या अंगावर.

वर आलो तर प्रवाहाने आम्हाला बोटीपासून बरंच लांब नेलेलं. ही कठड्याला धरून ओरडतेय, ‘दिसला का हो? नीट सांगा!’ माझ्या तोंडात नळी. जावईबापू म्हणाले, ‘बाबा, लांबून दोन्ही हातांनी करायचं, डोक्यावर, मोठा गोल.’ मी केला. त्यांनीही केला. सासरा आणि जावई, लाटांवर दोन भलेमोठे गोल! मला वाटलं, ही टाळ्या वाजवणार.

हिचा चेहरा पडला. छत्री खाली आली.

मी शिडी चढलो, नळी काढली, तर ही हळूच म्हणते, ‘असू दे. गंजून गेला असेल. तुम्ही धडपणे आलात ना? बास.’

‘अगं, कोण म्हणालं गंजला?’

‘तुम्हीच! एवढा मोठा भोपळा दाखवलात, दोघांनी मिळून!’

बघा! जन्मात एकदा ‘उत्तम’ म्हटलं, ते असं पोचलं! मी म्हटलं, ‘अगं, आहे बाक! गादी घातलेला आहे!’ ही उठूनच उभी राहिली. ‘मग? डावीकडे का उजवीकडे? एका शब्दात!’

मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, ‘दोन्हीकडे.’

हिने जावयाकडे पाहिलं, ‘बघितलंत? समुद्राच्या तळाला जाऊन आले, उत्तर तेच!’ मग मी सगळं सांगितलं. दोन केबिनी, जाणं, येणं, सकाळ, संध्याकाळ. गणिताचं डोकं ते, मी संपवायच्या आत तिला कळलं. मग डोळ्यांत अशी चमक... म्हणाली, ‘म्हणजे मी बरोबर होते!’

मी म्हटलं, ‘आणि मी?’

तर हसली हो गालात, आणि हात पुढे करून, पंजा पालथा, असा जरा इकडे, जरा तिकडे, ‘तुम्ही? तसे... ठीकच!’

पुढचं बोलायला मिळालंच नाही! जावईबापू पलीकडून झेपावले, ‘आई! काय होतंय?’ आणि तिला दंडाला धरून खाली बसवलं, प्राणवायूचा मास्क नाकातोंडावर! ही आतून ओरडतेय, माझ्याकडे बोट दाखवतेय, आणि ते म्हणतायत, ‘शांत राहा आई, बोलू नका, गोल दाखवा, नुसता गोल!’ आता ही गोल दाखवणार? जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांना गोल देत आली, ती स्वतः घेणार? बंदर येईपर्यंत मास्क निघाला नाही.

तेव्हापासून आमच्या घरात हात हलवायची बंदी आहे. तिलाही आणि मलाही. कालच कोणीतरी मला विचारलं, ‘काका, पण एकंदरीत बुडी कशी झाली?’ आता याचं खरं उत्तर म्हणाल, तर तशी...

नको. हात खिशातच बरा. जावईबापू तुमच्यातच, तिसऱ्या रांगेत बसलेत, उगाच धरून वर नेतील.