दोन नंबर

हाडांच्या डॉक्टरांकडे मान आखडून बसलेल्या शिंप्याला मागे वळता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. मागच्या बाकावर नवरा-बायको होती.

“दोन नंबर कशाला काढलेस?”

“असू दे. पाय वर करा, बूट काढते.”

“आई गं! एका दिवसात पोहणं, सायकल आणि पळणं! पहिल्यांदाच भरली ही शर्यत, आणि मी पुरी केली!”

“केलीत की. कुत्रा फिरवणारे एक आजोबा तुम्हाला दोनदा ओलांडून गेले.”

“हस तू. उशीर झाला तरी ती फुगवलेली कमान उभी होती माझ्यासाठी. अध्यक्षांनी स्वतः पदक घातलं.”

“तो मांडववाला होता. अध्यक्ष केव्हाच घरी जाऊन झोपले.”

“काय सांगतेस! मग कमान?”

“मांडववाला तिच्यात हवा भरणारा पंखा बंद करायला निघाला होता. मी बटणापुढे स्टूल टाकून बसले. म्हटलं, आमचे हे येताहेत.”

“किती वेळ?”

“तीन तास. दुसरा नंबर माझ्या कंबरेचा आहे. आता तो पाय द्या.”