कॅल्शियमच्या पाटावर शिसं

आदरणीय अध्यक्ष उल्हासराव, व्यासपीठावरच्या आजच्या सत्कारमूर्ती चित्रकार डेलिया लाते, आणि मसालेभाताच्या वासाने अस्वस्थ झालेल्या तमाम ब्राउनश्वाइगकर मंडळी,

मी कौमुदी, आपल्या मंडळाची चिटणीस. डेलियाताई अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या झुनी या मूळनिवासी लोकांतल्या. विषारी धातू शरीरात काय करतात, हे शास्त्रज्ञांकडून समजून घेऊन त्या आपल्या गावाला चित्रांतून सांगतात. वर्षभर इथे जर्मनीत, आपल्या विद्यापीठात होत्या, म्हणून आपण त्यांना गणपतीमागचा पडदा रंगवायला बोलावलं. त्यांनी आधी हॉलच्या स्वयंपाकघरातल्या पाईपवर किल्लीने ओरखडा काढला, आतला मऊ चकचकीत धातू पाहिला आणि म्हणाल्या, "हा शिशाचा आहे." आपल्या मंडळात इंजिनिअर काय थोडे आहेत? सगळ्यांनी "जा, गेनाऊ, अगदी बरोबर" म्हणून माना डोलावल्या आणि त्याच पाण्याचा चहा घेतला.

मग पडदा आला. हाडांच्या घरात पंगत बसलेली. नळातून उतरलेला एक राखाडी पाहुणा, कॅल्शियमचं सोवळं नेसून, कॅल्शियमच्या पाटावर! आणि हाडं त्याला आग्रह करकरून वाढताहेत. आपण कॅल्शियमच आहोत असं भासवून शिसं शरीराला असंच फसवतं आणि हाडांत जाऊन बसतं. पण आपल्याला काय दिसलं? पाहुण्याचं नाक!

"अहो, हे माझं नाक नाही!" उल्हासराव म्हणाले.

"जरा बाजूने बसा बघू," प्रमोदिनीकाकू म्हणाल्या. ते बसले. नाक त्यांचंच होतं.

नाकावर बैठकांमागून बैठका झाल्या. पाईपचा विषय वेळेअभावी राहिला.

माझी लेक कुहू इथल्या शनिवारच्या मराठी वर्गात त्याच नळाची बाटली भरायची. पडदा पाहून तिने बाटली ठेवूनच दिली. "इश ट्रिंके दास निश्त! मी हे पिणार नाही! नळातून उल्हासआजोबा येतात." मी हसले, आणि मग मला तो ओरखडा आठवला. पाणी तपासलं, तिचं रक्त तपासलं. शिसं दोन्हीकडे निघालं. रिपोर्ट दाखवला, तर अध्यक्ष म्हणाले, "आल्झो, तर मग घरमालकाचा टेर्मिन घेऊ, भेटीची वेळ ठरवू." शेवटी डेलियाताईंनीच बजावलं, "आधी नळ बंद, मग नाक बदलते." तासाभरात नळाला कुलूप! आता पाईपही नवा आलाय.

काल डेलियाताई नाक बदलायला ब्रश घेऊन आल्या, तेव्हा उल्हासरावांनीच त्यांचा हात धरून थांबवलं. "असू दे. पोरं घाबरतात ना त्याला? मग बरंय."

या आठवड्यात कुहूचं रक्त पुन्हा तपासलं. शिसं उतरलंय. वेळेत कळलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डेलियाताई, मी फार घाबरले होते हो. इतकी, की घरी कुणापाशी बोलले नाही. आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानते. माझं लेकरू तुम्ही राखलंत.

थट्टेत कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. बोलायचं पुष्कळ होतं, पण मसालेभात निवतोय; डेलियाताई, चला, तुमचं पान मी वाढते.