कडी कोणत्या बाजूला?

मंडळी, निरूपण झालं. आता कथा! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आजची गोष्ट वरच्या पट्टीत सांगण्यासारखी नाही.

आधी एक प्रश्न. घर कशाला म्हणायचं? बोला ना! काय म्हणालात काका — चार भिंती? अहो, चार भिंती कोंबड्यांच्या खुराड्यालाही असतात! छप्पर? छप्पर एस.टी. स्टँडलाही असतं! वेळेवर जेवण? ते तर तुरुंगातही मिळतं — तिथं निदान घंटा वाजवून बोलावतात, आपल्याकडे हाका मारून घसा बसतो तरी मोबाईलमधून कुणी मान वर काढत नाही! हसा, हसा. पण उत्तर मिळालं का? नाही ना? मग ऐका.

एका तालुक्याच्या गावाबाहेर एक वृद्धाश्रम होता. नाव सांगत नाही. पाटीवर मोठ्या अक्षरात 'माया' लिहिली होती, एवढं पुरे. चालक होते मुकुंदराव टेंभे. माणूस पांढऱ्या कपड्यातला, बोलणं साखरेचं. आणि तिथं एक म्हातारी राहायची — कोंडाबाई. आता हे नाव का ठेवतात ठाऊक आहे ना? आधीची लेकरं जगली नाहीत, की आईबाप पुढच्या लेकराला म्हणायचे धोंडू, म्हणायचे कोंडा. म्हणजे काळाला वाटावं, हा नुसता भुसा आहे, नेऊन काय करायचं! तर ही कोंडाबाई. काळानं सोडली, माणसांनी कोंडली. कशी, ते आता कळेल.

एक दिवस निरोप आला — तपासणी आहे! जिल्ह्याच्या ठिकाणाहून बाई येणार. नाव शैला वाघचौरे. आणि मंडळी, तपासणी म्हटली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. शाळेत साहेब यायचे तेव्हा फळा नवा, खडू नवा, आणि मास्तरांच्या तोंडात शब्दसुद्धा नवे! "बाळांनो!" — वर्षभर 'गाढवांनो' असायचं! तसंच इथं. फरशा घासल्या. चादरी बदलल्या. दारांना तेलरंग लागला. आणि मुकुंदरावांनी सगळ्या म्हाताऱ्यांना अंगणात बसवून गोड आवाजात सांगितलं, "बाई विचारतील. नीट बोला. त्या नाराज झाल्या तर आश्रमाला टाळं लागेल. मग जाल कुठं?"

जाल कुठं! मंडळी, ज्याला जायला जागा नाही त्याला हे दोन शब्द पुरतात हो. वेगळी काठी लागत नाही.

बाई आल्या. नावात वाघ, पण बोलणं मऊ. काम मात्र चोख! आधी शिरल्या स्वयंपाकघरात. डाळीत हात घालून पाहिला. पाण्याची टाकी उघडून पाहिली. न्हाणीत धरायला दांडी आहे का, ती आपला भार टाकून ओढून पाहिली. आग विझवायचं नळकांडं भिंतीवर आहे, ते भरलेलं आहे का? भरलेलं! औषधं तारीख उलटलेली नाहीत ना? नाहीत! सगळं ठीक. मुकुंदरावांचा चेहरा फुलला. चहा आला, बिस्किटं आली.

बाई कोंडाबाईच्या खोलीत शिरल्या. दोन खाटा. एक रिकामी. विचारलं, "आजी, कशा आहात?"

"लई सुखात हाय."

"जेवण मिळतं?"

"लई ग्वाड."

विचारण्याआधी उत्तर तयार! बाई म्हणाल्या, "चला आजी, अंगणात उन्हाला बसू."

कोंडाबाई उठली. दारापाशी आली. दार सताड उघडं होतं, मंडळी! बाहेर अंगण दिसतंय, तुळस दिसतेय. आणि म्हातारी उंबऱ्याच्या आत थांबली. बोटं वाकवली. आणि त्या उघड्या दारावर — टक, टक, टक. मान खाली घालून उभी राहिली.

तबलेवाले, थांबा जरा.

दार कोण वाजवतं हो? बाहेरचा वाजवतो, आत येण्यासाठी. ही आतली बाई. उघडं दार. आणि बाहेर जाण्यासाठी वाजवतेय!

मुकुंदराव हसले. "वय झालं, बाई. भ्रम होतो."

होतो, म्हातारपणी भ्रम होतो. बाई वळल्या. शेजारच्या खोलीत गेल्या. तिथल्या आजोबांना म्हणाल्या, "चला, फिरून येऊ." आजोबा काठी टेकत दारापाशी आले. थांबले. उघड्या दारावर — टक, टक! पलीकडच्या खोलीत तेच. अहो, एकीला भ्रम होईल. भ्रम काय जेवणाच्या ताटासारखा खोलीखोलीत वाढतात का?

बाई परत फिरल्या. कोंडाबाईच्या दाराच्या बाहेरच्या अंगावरून हात फिरवला. गुळगुळीत. पण एका जागी बोट ओलं झालं. रंग तर सगळीकडे वाळला होता, तिथंच ओला कसा? नखानं दाबलं — आत लांबी भरलेली! भोकं बुजवायला सुतार-रंगारी भरतात ती. कशाची भोकं? कडीची! त्या दाराला बाहेरून कडी होती. तपासणीसाठी उपटली, भोकं बुजवली, वरून रंग फासला. दारातली कडी गेली, मंडळी. म्हातारीच्या हातातली राहिली!

बाई म्हणाल्या, "मुकुंदराव, मी आत बसते. तुम्ही अंगणात जा."

दार लोटून त्या रिकाम्या खाटेवर बसल्या. "आजी, कडी कधी लावतात?"

"कसली कडी? कडी न्हाई ओ. लई सुखात हाय."

आता म्हणाल, म्हातारी खोटं का बोलली? अहो, तिचा लेक निघताना काय म्हणाला होता? "आये, हितं निगुतीनं ऱ्हा. तक्रार करू नगंस. दुसरीकडं कुठं ठिवू तुला? येतो मी." येतो! आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. म्हणून सगळे 'येतो' म्हणतात — आणि जातात! तिच्यापाशी आता एवढं छप्परच उरलं होतं. खरं बोलावं तर छप्पर जातं.

बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला रस्त्यावर काढायला मी आलेली नाही. आश्रम राहील, तुम्हीही राहाल. पण मला खरं कळलं नाही, तर मी आलेच कशाला?"

म्हातारीनं लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग उशाचा तांब्या काढला. पितळी. एका बाजूनं पार चेपलेला.

"तुमी बसलाय त्या खाटंवर अनसूया हुती," ती म्हणाली. "जेवनं झाली की आमाला आत घालायचं, भायेरनं कडी. च्याच्या वक्ताला काढायची. एक दिस दुपारी तिचा दम कोंडला. म्या दार वाजिवलं. हातानं वाजिवलं. मग ह्या तांब्यानं वाजिवलं. तांब्याला पोचा आला, बाई, पर कुनी आलं न्हाई. च्या घिऊन आली पोरगी तवा कडी निघाली. ती म्हणली, अनसूयाबाईला उठवा, च्या निवतोय. म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे आता. निजली ती."

मंडळी, मला पुढं बोलवत नाही. पण बोलायला हवं.

बाई बाहेर आल्या, तो तांब्या हातात घेऊन. मुकुंदरावांचा चेहरा पडला. ते म्हणाले — आणि हेही ऐका, कारण ते राक्षस नव्हते — "बाई, एक आजोबा फाटकाबाहेर गेले. गाडीनं उडवलं. साऱ्या गावानं मला फाडून खाल्लं. मी काय करणार? त्यांच्याच सुरक्षिततेसाठी कडी लावली!"

बाई म्हणाल्या, "फाटकापाशी माणूस बसवायचा होता. माणूस बसवायचा कंटाळा केलात, म्हणून कडी बसवलीत."

अनसूयाबाईच्या मरणाची चौकशी लागली. मुकुंदरावांच्या हातून कारभार गेला. दुसरे चालक आले, फाटकापाशी माणूस आला, दुपारी खोल्यांतून फिरायला एक बाई आली. आणि दारांना पुन्हा कड्या बसल्या. दचकू नका! या वेळी आतून! अडचणीला बाहेरूनही उचलता येतील अशा, पण लावायच्या त्या आतल्यानंच.

निघताना शैलाबाई म्हणाल्या, "येते हं आजी." कोंडाबाई नुसती हसली. तिनं पुष्कळ 'येतो' ऐकले होते.

पण या आल्या! न कळवता आल्या. कोंडाबाईचं दार आतून लावलेलं. बाहेरून कडी उचलून आत जायची त्यांना मुभा होती, हातात सरकारी हुकूम होता. नाही उचलली. दारावर टकटक केली.

आतून आवाज आला — "कोन हाय?"

"मी शैला. येऊ का आत?"

"थांब गं बाई. लुगडं नीट करते, मग उघडते."

आणि ती अधिकारी बाई दाराबाहेर उभी राहिली. डोळ्याला पदर लावून उभी राहिली. तिची तपासणी तिथंच पुरी झाली!

मिळालं उत्तर? ज्या दाराची कडी आतून लागते ते घर. बाहेरून लागते ती कोंडी. मग वर पाटीवर काहीही लिहा!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठं वृद्धाश्रम चालवतो? आमची आई आमच्याजवळ आहे. आहे ना? मग सांगा — "पाहुणे आलेत, तुम्ही आत बसा" — ही कडी कुठल्या बाजूची? "तुला काय कळतंय, गप्प राहा" — ही कुठल्या बाजूची? "एकटी खाली उतरू नकोस, पडशील, मग आम्हालाच निस्तरावं लागेल!" — हीसुद्धा सुरक्षितताच, नाही का? या कड्या सुताराला लागत नाहीत. भोकं पडत नाहीत, रंग फासावा लागत नाही. कुणाला दिसतसुद्धा नाहीत. पण आज घरी गेलात ना, की बघा — तुमची म्हातारी माणसं बोलण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघतात का? उठण्याआधी विचारतात का, "उठू का रे?" तसं असेल तर ओळखा. ती उघड्या दारावर टकटक करताहेत!

आणि एक दार आपल्या सगळ्यांना वाजवायचं आहे. तिथं लाच नाही, रंग नाही, बिस्किटं नाहीत. आतून तो विचारील, "कोण आहे?" तेव्हा सांगता आलं पाहिजे — "देवा, ज्यानं आईच्या दाराची बाहेरची कडी काढली, तो मी."

ज्याला आजच्या आज हे सांगता येईल त्यानंच मोठ्यानं म्हणावं. बाकीच्यांनी हळू म्हणा, घरी जा, कडी काढा, आणि मग मोठ्यानं म्हणा — पांडुरंग हरी!