धुलाईघराच्या जिन्यातलं बटण

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आमचे मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आणि दुरुस्ती विभागापासून धुलाईघरापर्यंतच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

वीज विभागाचा सुपरवायझर म्हणून चार शब्द बोलायचा मान मला मिळाला. मान म्हणतोय खरा, पण तो माझा आहे का, ते ऐकून आपणच ठरवा.

मी इथे लागलो तेव्हा हातात डिप्लोमा होता आणि डोक्यात हवा. मिस्त्री आठवी पास. ते सांगायचे, "बटण पुढून बघून कळत नाही रे, उलटं करून बघ." मागे दोन स्क्रू असले तर ते एका जागेवरून चालणारं. तीन असले तर टू-वे, जिन्यासाठी, खालून लावा नि वरून बंद करा. बेलचं बटण बोट उचललं की आपोआप परत येतं. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, हे काय आम्हाला शिकवणार? बटण ते बटण!

धुलाईघराचा मागचा जिना आपल्याला माहीत आहेच. खिडकी नाही, भर दुपारी दिवा लागतो. नऊ वर्षांपूर्वी त्याचं खालचं बटण बिघडलं. मिस्त्री दुसऱ्या कामावर होते, मी बदललं. नव्या बटणाला स्क्रू दोन आणि भिंतीतून वायरी आल्या तीन. आता सांगा, शहाण्या माणसाने तिथे थांबायला नको होतं? मी तिसरीला टेप गुंडाळली आणि आत कोंबली. खालून दाबून पाहिलं, दिवा लागला, विझला. वर जाऊन बघायचे कष्ट घेतले नाहीत.

वरचं बटण कोणीतरी दाबलं, जोडणी त्या टेप गुंडाळलेल्या वायरीवर गेली आणि खालचं निकामी झालं. दुसऱ्या दिवशी धुलाईघरातल्या आपल्या मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन अंधारात चढल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. ते अजूनही नीट वळत नाही.

चौकशीला आम्ही दोघे उभे होतो. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "कुणाचं काम?" मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मग ते म्हणाले, "जिना माझ्याकडे आहे, साहेब."

त्यांना लेखी ताकीद मिळाली. सुपरवायझरच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढे होतं, ते त्या ताकिदीमुळे मागे पडलं. ती जागा कुणाला मिळाली, हे आपण समोर बघतच आहात. मावशींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नऊ वर्षं एकाच दारातून ये-जा करतात, पण शब्द नाही. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज काही ना काही निघायचं.

परवा मी मिस्त्रींना म्हटलं, भाषणात सगळं सांगणार आहे. ते म्हणाले, "कशाला आता? तुझी मुलं शिकतायत." मॅडम, मला तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. माझ्या मुलांची काळजीसुद्धा यांनीच करायची का?

मावशी, तुम्ही मागच्या रांगेत आहात. तो बोर्ड मी उघडला होता. मिस्त्रींचा हात त्याला लागला तो तुम्ही पडल्यावर, दुरुस्त करायला. माझ्याशी बोलू नका, हवं तर कधीच बोलू नका. पण ते पाच वाजता कायमचे गेटबाहेर पडतील, त्याआधी त्यांच्याशी बोला.

मॅडम, हे सारं लिहून सही केलेला कागद आपल्यासमोर ठेवतो. त्यांची ताकीद रद्द व्हावी. माझं काय करायचं ते आपण ठरवा, मी हूं की चूं करणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. शेवटी चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायची पद्धत आहे. मिस्त्री, वहिनी, मावशी, तुम्हाला तसं म्हणायचा मला हक्क नाही. तरी हात जोडतो.